केनवडच्या वाटेची तार

तारेला शब्दागणिक पैसे पडत आणि एकही शब्द जास्तीचा द्यायची माझी तयारी नसे. त्यातून ती भाषा तयार झाली. पुढं कंपनीनं ती टाकून दिली. का टाकली, याची कारणं मला तोंडावर सांगितली गेली आणि ती सगळी खरी होती. तरी इतक्या वर्षांनी ती माझ्या घशाखाली उतरलेली नाहीत, म्हणून लिहून ठेवतो आहे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. तिथल्या कापूस बाजारात मी मुंबईच्या एका कंपनीचा खरेदी दलाल होतो. कंपनीची कचेरी अकोल्याला, जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, वरच्या मजल्यावर. मुंबईचा भाव सकाळी अकोल्याला येई आणि तिथून तारेनं मला. मी बाजारात गाड्या पाहायच्या आणि उलट तार करायची: माल इतका आहे, शेतकरी इतका भाव मागतात, घेऊ का? उत्तर येईपर्यंत शेतकऱ्याला धरून ठेवायचं. त्याला चहा पाजायचा, त्याच्या बैलांची शिंगं वाखाणायची, त्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करायची. उत्तर आलं की सौदा. इतकं सोपं काम, पण त्यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे तारेचा खर्च माझ्या दलालीतून कापला जाई. दुसरी म्हणजे तारघराच्या बाकावर दिवसभर इतर कंपन्यांचे दलाल बसलेले असत, आणि तारमास्तर कागद वाचताना ओठ हलवून वाचत असे.

मी मूळचा केनवडजवळच्या एका वस्तीतला. शाळा चौथीपर्यंत. घरी जमीन नव्हती, एक बैलजोडी आणि गाडी होती. दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून लोकांचा कापूस भाड्यानं वाशिमला आणत होतो. इंग्रजी अक्षरं मी कापसाच्या गाठींवर काळ्या शाईनं मारलेल्या मार्कांवरून शिकलो. इंग्रजी भाषा नव्हे, नुसती अक्षरं. तारेला तेवढी पुरत, कारण तारमास्तरला इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं काहीही चाले. गावाचं नाव लिहिलं तरी तो एक शब्द धरी.

म्हणून मी गावांची नावं लिहू लागलो.

केनवडहून वाशिमला येणारी जुनी गाडवाट माझ्या पायाखालची होती. सकाळी अकोल्याहून आलेला भाव म्हणजे केनवड. शेतकरी एक पायरी, म्हणजे एक रुपया, जास्त मागत असेल तर खैरखेडा. दोन पायऱ्या, सावरगाव. तीन, पिंपळशेंडा. चार, वरदडा. असं करत वाशिमच्या वेशीपर्यंत. भाव उतरला तर केनवडच्या मागची गावं, उलट्या दिशेनं. मालाचा आकडा धान्यात: ज्वारी म्हणजे पन्नास गाड्या, तूर म्हणजे पंचवीस, मूग म्हणजे दहा. अकोल्याचं उत्तर 'जुंपा' आलं की घ्यायचं आणि 'सोडा' आलं की सोडायचं. माल ओला असेल तर मेडशी, कारण मेडशीजवळच्या नाल्यात माझी भरली गाडी एकदा कलंडली होती आणि सगळा कापूस भिजला होता. खरेदी थांबवा म्हणजे कामरगाव. कामरगावला माझी सासुरवाडी. तिथं गेलो की तीन दिवस काही काम होत नसे.

'सावरगाव तूर मेडशी.' तीन शब्द. पंचवीस गाड्या आहेत, दोन पायऱ्या वर मागतात, खालचा माल ओला आहे, काय करू? बाकावरच्या दलालांनी डोकं आपटून घेतलं तरी त्यांना कळत नव्हतं. एकानं मला विचारलं होतं, "काहो, तुमी कापूस घेता का सोयरिकी जमवता? रोज नव्या गावचं नाव!"

ही भाषा मी एकट्यानं बनवली असं मी आयुष्यभर सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. अकोल्याच्या कचेरीत तारा पाहणारे म्हातारे कारकून होते, ते वरदड्याचे. मी त्यांना काका म्हणे. केनवडची वाट त्यांनाही पाठ होती, पोटासाठी अकोल्याला जाण्याआधी त्यांनीही ती बैलगाडीत बसून काढलेली. धान्यांची कल्पना त्यांची. 'जुंपा' आणि 'सोडा' हेही त्यांचेच. स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात एका दुपारी बसून आम्ही सगळं ठरवलं. कागदावर काहीही लिहिलं नाही. मीच नको म्हणालो. "लिवलं का चोरी झाली समजा, काका."

"मंग डोक्यात ठेवू," ते म्हणाले. "डोकं कोन नेते?"

चार हंगाम एकही तार चुकली नाही. वाशिमच्या बाजारात माझं उत्तर सगळ्यांच्या आधी येई, कारण अकोल्याला काका तार हातात घेतानाच वाचत, पुस्तक उघडून शब्द शोधत बसत नसत. दुसऱ्या कंपन्यांकडं छापील कोडची पुस्तकं होती. त्यांचे दलाल मांडीवर पुस्तक घेऊन पानं उलटत असत आणि तोवर मी गाडी मापाला लावलेली असे. आमचा मापारी वाशिमचाच, माझ्या वडिलांच्या वयाचा मुसलमान माणूस. मी त्याला चाचा म्हणे. तो तराजू धरून ओरडे, "अरे, किताबवाले अजून आलिफ-बे करून राह्यले, आन आमच्या भाऊचं लगीन लागलं!"

कंपनीला माझी गरज होती, हे मला माहीत होतं आणि ते मी वापरत असे. दर हंगामात दिवाळीनंतर अकोल्याला जायचं, कंपनीच्या एजंटासमोर बसायचं आणि दलाली थोडी वर ओढायची. एजंट मुंबईचा, शिकलेला, आवाज कधी न चढवणारा माणूस. मी टेबलावर हात आपटला की तो चष्मा पुसायला घेई. शेवटी देई. मला वाटे मी त्याला हरवतो आहे.

पाचव्या हंगामाच्या तोंडावर काकांना लकवा झाला. मी भेटायला गेलो तेव्हा ते खाटेवर होते, उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी वाटेवरची गावं म्हणायला लागलो. केनवड, खैरखेडा, सावरगाव. प्रत्येक गावाला ते डोळे मिटून उघडत. वरदडा आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडलेच नाहीत, मिटूनच ठेवले. त्यांच्या मुलीनं मला खुणेनं पुरे म्हटलं. मी बाहेर आलो आणि स्टेशनवर जाऊन गाडीची वाट पाहत बसलो. त्या वेळी माझ्या मनात दुःखाआधी जो विचार आला तो सांगतो, कारण खोटं लिहायचं असतं तर मी लिहायला बसलोच नसतो. मला वाटलं, आता ही भाषा जाणणारा मी एकटा. आता दलाली आणखी वर जाईल.

काकांच्या जागी आलेला कारकून खानदेशातला होता. पस्तिशीचा, मॅट्रिक झालेला, स्वच्छ अक्षराचा. आठवड्याभरात तो स्वतः वाशिमला मला भेटायला आला. बाजारात धुरळ्यात उभं राहून त्यानं वही उघडली.

"भाऊसाहेब, गावांची यादी तेवढी द्या. क्रमानं. मी उतरवून घेतो."

"यादी नाई."

"नाही म्हणजे?"

"लिवेल नाई कुठीच. माह्या गाडीत बसा, केनवडले जाऊ, येतायेता दाखवतो. दोन दिवसांत पाठ होते तुमाले."

"मला दोन दिवस कचेरी सोडता येत नाही. तुम्ही तोंडी सांगा, मी—"

"बाबूसाहेब," मी म्हणालो, "ते जे वहीत उतरवून राह्यले न तुमी, ते उद्या कोनाच्या हाती लागलं तर माह्यं पोट जाते. तुमचं नाई जात."

त्यानं वही मिटली. पुढच्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, पुन्हा तीच विनंती, फार नम्र शब्दांत. मी उत्तर दिलं नाही. मला ती यादी एजंटाला विकायची होती. फुकट द्यायची नव्हती. दिवाळीनंतर अकोल्याला जाईन, दलालीचं बोलणं होईल, तेव्हा ती यादी टेबलावर ठेवीन असा माझा हिशोब होता. तोवर भाव केनवड आणि खैरखेड्याच्या पलीकडं जात नव्हता, आणि तेवढी दोन गावं, धान्यं नि 'जुंपा-सोडा' त्याला त्या हंगामातल्या तारा आणि बिलं ताडून कळली होती. काम चाललं होतं.

त्यानं काय केलं ते मला पुढं कळलं. एका रविवारी सुट्टीच्या दिवशी तो स्वतःच्या खर्चानं केनवडला आला, तिथून वाशिमच्या सर्व्हिस मोटरमध्ये बसला आणि गुडघ्यावर वही ठेवून प्रत्येक थांब्याचं नाव लिहून घेतलं. कंडक्टरला विचारून विचारून खात्री केली. त्यापेक्षा जास्त कोणी काय करावं? मला आजही त्या माणसात खोट काढता येत नाही, आणि मी खोट काढण्यात वाकबगार आहे.

पण मोटर सावरगावला जात नसे. सावरगाव ओढ्याच्या पलीकडं, आत. गाडवाट तिथून जाई, पक्की सडक वळसा घालून निघून जाई. सावरगावचे लोक पिंपळशेंड्याला उतरून चालत घरी जात. त्यामुळं त्याच्या वहीत खैरखेड्यानंतर एकदम पिंपळशेंडा आला, आणि तिथून पुढचं प्रत्येक गाव एक पायरी खाली घसरलं.

दिवाळीच्या आधीच भाव चढला. असा चढला की दुपारपर्यंत मी पिंपळशेंड्याला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी वरदड्याला. मी चार पायऱ्या वर लिहीत होतो, तो तीन वाचत होता. 'जुंपा' येत होतं. मी घेत होतो. चाचाचा तराजू थांबत नव्हता. तीन दिवसांत आम्ही वाशिमच्या बाजारातला निम्मा माल उचलला. अकोल्याहून मुंबईला कमी भाव कळवला जात होता आणि मुंबई त्या भावाच्या हिशोबानं पुढं विकत होती. घेतलेल्यापेक्षा स्वस्तात.

चौथ्या दिवशी भाव उतरला. मी तार केली: 'सावरगाव ज्वारी.' नेहमीच्या वेळेत उत्तर आलं नाही. शेतकरी उठायला लागले. मी तारघरात जाऊन उभा राहिलो. तासाभरानं तारमास्तरनं कागद लिहिला, वाचला, आणि पहिल्यांदाच त्याचे ओठ हसायला हलले.

"काहो, तुमचं सावरगाव हरवलं का?" त्यानं कागद माझ्यापुढं धरला.

कागदावर होतं: सावरगाव कुठे.

बाक हसून लोळला. "मोठं गाव हाय, कुठी जाईन," एक जण म्हणाला. "पोलिसात सांगा बाप्पा." मी कोणाच्याही अंगावर ओरडलो नाही. एरवी त्या बाकाला मी सोडलं नसतं. मी कागद हातात घेऊन उभा होतो. केनवडपासून मोजायला लागलो. बोटांवर मोजलं. मग त्याच्या डोक्यानं मोजलं, मोटरच्या रस्त्यानं. तेव्हा कळलं.

अकोल्याला बोलावणं आलं. एजंटाच्या टेबलावर लाल कापडी बांधणीचं जाड पुस्तक होतं. बाजूला नवा कारकून उभा होता, मान खाली घालून. मी जाताक्षणी त्याच्यावर तुटून पडलो. आवाज जिनिंगमध्ये खाली ऐकू गेला असं मागून कळलं. मोटरनं जाऊन कोणी वाट शिकतं का, बैलाच्या पाठीमागं कधी बसला आहेस का, असलं बरंच. एजंटानं चष्मा पुसला.

"यानं तुमच्याकडं यादी मागितली होती?"

मी लाल पुस्तकाकडं पाहिलं.

"दोनदा?"

"मागतली होती."

"मग त्याच्यावर का ओरडता?"

खुर्चीत बसलो. मग मी माझी बाजू मांडली, आणि चांगली मांडली. आमच्या तारेला दोन-तीन शब्द लागतात. पुस्तक लागत नाही, म्हणून वेळ लागत नाही. चार हंगाम एकही चूक नाही. बाकावरच्या कोणाला आजवर फोडता आली नाही. या पुस्तकात काय आहे? मी ते ओढून घेतलं आणि कारकुनाला मधलं कुठलंही पान वाचायला सांगितलं. त्यानं वाचून मराठीत अर्थ सांगितला. माल समुद्राच्या पाण्यानं खराब झाला आहे, यासाठी एक शब्द. बंदरात संप आहे, यासाठी एक. जहाज अमुक दिवस उशिरा निघेल, यासाठी तीस-चाळीस.

"वाशिमले समुद्र कुठून आनता?" मी म्हणालो. "गाडीचा तळ ओला हाय, याले शब्द सांगा."

कारकुनानं पानं चाळली. "नाही," तो म्हणाला.

"पाहा. माह्यात हाय."

एजंटानं मान हलवली. त्याला ते सगळं पटत होतं, हेच वाईट. "तुमची भाषा या पुस्तकापेक्षा चांगली आहे," तो म्हणाला. "वाशिमसाठी. पण माझ्या हाताखाली नऊ बाजार आहेत. अमळनेरचा दलाल उद्या त्याच्या वाटेवरची गावं सांगेल, हिंगणघाटचा त्याच्या. मी किती वाटा चालू?"

"बाकीच्यायले बी माहीच शिकवा."

"ते केनवडला कधी गेलेले नाहीत."

"पाठ करतीन."

"पाठच करायचं तर पुस्तक का नको? हे पुस्तक येणारा कारकून मला मुंबईत पाहिजे तेव्हा मिळतो. जाहिरात दिली की दहा येतात. तुमची भाषा येणारे जगात दोन होते. एकाला लकवा झाला." त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि दुसरी गोष्ट. पुस्तकात चूक झाली तर मी मुंबईला सांगू शकतो की पुस्तक पाहा, पान पाहा, कोणाचं चुकलं ते पाहा. आता मी काय सांगितलं माहीत आहे? सावरगावला मोटर जात नाही, असं सांगितलं. मुंबईनं विचारलं, सावरगाव म्हणजे काय?"

माझा नातू पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. त्याच्या कंपनीनं मागं एकदा सगळं काम एका संगणकी भाषेतून काढून दुसरीत घातलं, दोन वर्षं त्यात घालवली. मी विचारलं, जुनी वाईट होती का? तो म्हणाला, नाही, जुनीच चांगली होती, वेगानं चालायची. पण ती येणारी माणसं मिळत नाहीत. त्यांच्याकडं दोघांना येत होती, त्यातला एक सोडून गेला आणि साहेबांची झोप उडाली. नवीची माणसं दर वर्षी कॉलेजांतून बाहेर पडतात, मोठ्या कंपन्या तीच वापरतात, अडलं तर विचारायला कोणी असतं. मी म्हणालो, हे मी अकोल्यात ऐकलेलं आहे. तो हसला, त्याला वाटलं आजोबा थट्टा करतात. मी त्याला विचारलं, जो एक जण उरला होता त्याचं काय झालं? "नवी शिकतोय," तो म्हणाला. मग त्याला फोन आला.

मीही नवी शिकलो. एजंटानं एवढंच विचारलं होतं: पुस्तक शिकता की दलाली सोडता? मी म्हणालो, एक महिना द्या. तो तीन महिने द्यायला तयार होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण मी एक म्हणालो, रागानं.

इंग्रजी येत नव्हतं ते एका परीनं बरं होतं. पुस्तकातले शब्द इंग्रजी नव्हतेच, कोणत्याच भाषेतले नव्हते. पाच-पाच अक्षरांचे बिनअर्थाचे तुकडे. समोर इंग्रजीत अर्थ. कंपनीच्या कामाची पानं मी कारकुनाकडून मराठीत करून घेतली. तो रोज कचेरी सुटल्यावर लिहून पाठवी, सुंदर अक्षरात, माझं ओरडणं विसरून. मी ती पानं गोठ्यात, अंगणात, जेवताना म्हणत असे. बायको एक दिवस भाकर टाकताना थांबली.

"काय बडबडून राह्यले? मंतर हाय का कायचा?"

"कापसाचे भाव हाय."

"याच्यात माह्यं कामरगाव कुठी हाय?"

"काढलं त्यायनं."

"काहून?"

मी पुढचं पान म्हणायला लागलो. ती पुन्हा भाकर थापायला लागली.

महिन्यात मला ती पानं पाठ झाली. पुस्तक न उघडता तार लिहू लागलो. बाकावरचे दलाल पुन्हा बघत राहू लागले, चाचा पुन्हा ओरडू लागला. त्या हंगामात पुढं एकही चूक झाली नाही. तळ ओला असला की साध्या इंग्रजीत दोन शब्द जास्तीचे लिहावे लागत, कारकुनानं शिकवलेले. ते पैसे माझ्या दलालीतून कापले जात. मी भांडलो नाही. मला वाटलं होतं, मी जिंकलो. ज्या गोष्टीनं मला बाहेर काढायचं ती गोष्टच मी खिशात घातली.

हे चुकीचं गणित होतं. मी पुस्तक शिकलो, म्हणजे पुस्तक शिकलेल्या सगळ्यांसारखा एक झालो. ते मला तेव्हा दिसलं नाही. दुसऱ्याच्या मालातली खोट मी कोपरापर्यंत हात घालून शोधत असे, आणि हे मला दिसलं नाही.

पुढच्या दसऱ्यानंतर एजंट स्वतः वाशिमला आला. दुपारच्या गाडीनं. सोबत कारकून, हातात ट्रंक. ट्रंक पाहिली तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाजारात गाड्या लागलेल्या. आम्ही तिघं मापाच्या मागं चिंचेखाली उभे राहिलो.

एजंट म्हणाला की मुंबईनं ठरवलं आहे, दर बाजारात आता पगारी माणूस ठेवायचा. पुस्तक आहे, तार आहे. दलाल वेगळा ठेवायची गरज मुंबईला वाटत नाही. वाशिमला हे बसतील. त्यानं कारकुनाकडं पाहिलं. कारकून माझ्याकडं पाहत नव्हता. तो बैलांकडं पाहत होता.

"कापूस त्यांना कळत नाही," एजंट म्हणाला. "ते तुमच्याकडून शिकावं लागेल. होळीपर्यंत तुम्ही राहा. महिन्याचा पगार देऊ." त्यानं आकडा सांगितला.

आकडा लहान होता. त्याला माहीत होतं की लहान आहे. तो बोलायला सुरुवात करायचा आकडा होता, आम्ही दोघं नेहमी तसंच सुरू करत असू. तो सांगणार, मी हसणार, चाचाला हाक मारून सांगणार की ऐक, साहेब काय म्हणतात, मग मी माझा आकडा सांगणार. लिंबाच्या चार फोडींसाठी मी बाजारात बाईशी तासभर भांडलो आहे. एजंट चष्मा काढून तयार झाला.

"बरं," मी म्हणालो.

त्यानं चष्मा पुसला. परत पुसला. "बरं म्हणजे?"

"राहतो. होळीलोक."

"पगाराचं?"

"तुमी म्हनता तेच."

तो म्हणाला, "घाई नाही. रात्रभर विचार करा, उद्या सांगा."

"कायले? झालं ठरून."

मी राग शोधत होतो. तो कुठं असतो ते मला माहीत होतं, इतकी वर्षं तो हाकेला येत असे, न बोलावताही येत असे. त्या दिवशी आला नाही. त्याच्या जागी काहीच नव्हतं. कान जरा बधिर झाल्यासारखे होते, बाजाराचा आवाज लांबून येत होता. एजंटानं आपणहून आकडा वाढवला. मी मान हलवली. त्यानं आणखी थोडा वाढवला, कोणी न मागता. मग तो ओशाळल्यासारखा झाला आणि परतीच्या गाडीची वेळ विचारू लागला. मी सांगितली.

तो गेल्यावर चाचा तराजू सोडून आला. त्यानं दुरून सगळं पाहिलं होतं. "क्या तय हुआ भाऊ? साहेब रडकुंडीले आल्यावानी दिसत होता. लय ओढला वाटते त्याले?"

मी काय झालं ते सांगितलं. दोन वाक्यांत झालं सांगून.

"आन तुमी काहीच नाई बोलले?"

"नाई."

"काहून?"

कारकून ट्रंक मातीत ठेवून उभा होता. कुठं ठेवावी ते त्याला कळत नव्हतं. मी ती उचलून मापाच्या फळीखाली सरकवली, तिथं धूळ कमी लागते. मग त्याला म्हणालो, शर्टाची बाही वर करा, बाबूसाहेब, पूर्ण, खांद्यापर्यंत. पहिली गाडी खैरखेड्याची होती. मी त्याचा हात धरून कापसात घातला.

"आनखी खाली," मी म्हणालो. "फळी लागेपर्यंत."

अजून सोळा गाड्या उभ्या होत्या. सोळाही पाहून झाल्यावर आम्ही तारघरात गेलो. तार त्यानं लिहिली.